खेकडा मिस्त्रीची लायब्ररी

माणसं माणसांचा हेवा करतात. मी पहिला हेवा केला तो एका इमारतीचा, आणि तोही ती पुरती उभी राहायच्या आधी, तिच्या पायाचे नुसते चर खणले होते तेव्हापासून. परवा नातीनं त्याच इमारतीचा फोटो मोबाइलवर पाठवला. यंदा तिला गोंदियाच्या त्या कॅम्पसमध्ये प्रवेश मिळाला आहे, तिथल्या हॉस्टेलवर राहते, आणि खाली लिहिलं होतं, 'आजी, तुझ्या कॉलेजची लायब्ररी काय भारी आहे! आता एसी लावलाय, वर सोलर बसवलंय.' मी उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. साठी उलटून गेली, गुडघे कुरकुरायला लागले, शाळेतली मास्तरकी संपूनही बरीच वर्षं झाली, पण तो फोटो पाहून पोटात जे दुखायचं ते दुखलंच. आता हिला एसीसुद्धा! मी जळकी आहे हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझी बाजू घ्यायच्या भानगडीत पडणार नाही.

आमचं गाव रेल्वेलाइनच्या अलीकडे आणि विद्यापीठाचं आवार पलीकडे. मधे फाटक, आणि फाटक लागलं की मालगाडी जाईपर्यंत सायकलीला टेकून उभं राहायचं. त्या आवारात जेवढ्या म्हणून इमारती उभ्या राहिल्या तेवढ्यांना माझ्या बाबांचा हात लागलेला. सुखदेव मिस्त्री म्हणून सगळे त्यांना ओळखत. चार एकर धानाची शेती होती, पावसाळ्यात ती करायची आणि पीक निघालं की थापी आणि ओळंबा घेऊन ठेकेदाराच्या कामावर. मी पहिलीत गेले तेव्हा कॅम्पसचं ऑफिस बांधून होत होतं, पाढे पाठ करत होते तेव्हा मुलींचं हॉस्टेल, आणि प्रयोगशाळेची धुरांडी चढली त्या वर्षी मला गोवर निघाला होता. त्या वेळी बाबा माझ्याजवळ किती बसले ते आठवत नाही, पण धुरांडी किती हात उंच होती ते मला अजून पाठ आहे, कारण रात्रीच्या जेवणात दुसरं काही नसायचंच. हॉस्टेलच्या मोरीला उतार कुठून दिला, गेस्ट हाऊसच्या पांढऱ्या फरशीची एक पेटी फुटकी कशी निघाली, पाण्याच्या टाकीला खालून हात लावला तर ती कशी गार लागते, हे सगळं पेजेबरोबर आणि जवसाच्या चटणीबरोबर आमच्या पोटात गेलेलं आहे.

तरी त्या इमारतींचं मला विशेष काही वाटत नसे. त्या आल्या तशा गेल्या. एक संपली की बाबा आठ दिवस उदास असायचे, मग दुसरीचा नकाशा यायचा. पण लायब्ररी आली आणि ती जायलाच तयार होईना. कधी काम थांबे, कधी नकाशा बदले, कधी साहेब बदले, आणि बाबा तिच्यात गुंतून पडले ते पडलेच. तिच्या वाचायच्या दालनात मधे एकही खांब नव्हता. ही गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली याला गणती नाही. भात कालवता कालवता बाबांचा हात थांबायचा आणि ते म्हणायचे, "एवढा मोठा हॉल, अन् मधात एक बी खांब नाई! पोट्टे कोठी बी बसले तं नजर आरपार." आई कढईतून नजर न काढता म्हणायची, "जेवा आता. तुमची थे लायब्ररी पळून नाई जात." आणि मला डोळा घालून, "सवत आणून ठेवली व माय यानं माझ्या उरावर, पण पगारी हाये म्हणून काई म्हणता येत नाई." आई हसायची. मला हसू यायचं नाही. आईची सवत असेल, पण माझी कोण लागत होती ती?

माझं दुखणं वेगळं होतं. आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत चूल, दुसरीत धान साठवायचा ढोला, आई-बाबा, मी, वळचणीला बांधलेल्या कोंबड्यांची पाटी आणि शेजारच्यांचा रेडिओ, कारण मधली भिंत कुडाची होती आणि त्यांचा रेडिओ आमच्याच घरात वाजायचा. मला अभ्यासाला जागा नव्हती. मी दहावीला बसायच्या आधी परसात माझ्यासाठी एक खोली बांधून द्यायची असं बाबांनी कबूल केलं होतं. पाया झाला, गुडघ्याएवढ्या भिंती झाल्या, सागाची चौकट उभी राहिली, आणि तेवढ्यात लायब्ररीचं थांबलेलं काम सुरू झालं. दहावी गेली. अकरावी गेली. ती चौकट परसात एकटी उभी होती, वर आभाळ. भिंतींवर आई मिरच्या वाळत घालायची. कोंबड्या मात्र शहाण्या, भिंतीवरून उडी मारता येत असूनही दारातूनच आत जायच्या. मी आत पोतं टाकून बसायची आणि पुस्तक उघडायची. कडेला विटांची रास रचलेली होती, माझ्याच खोलीच्या विटा, त्यांच्या सावलीत जरा बरं वाटायचं. मी कधी विचारलं, "बाबा, माझ्या खोलीले खिडकी कोणत्या अंगाले काढान?" तर ते म्हणायचे, "पाहू न." आणि लगेच, "लायब्ररीले उत्तरेकून काढल्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यावर ऊन नोको याले."

शाळेला सुटी असली की बाबांचा डबा घेऊन मी कॅम्पसवर जायची. तिथं हॉस्टेलच्या पोरी दिसायच्या, नागपूर, भंडारा, बालाघाटकडच्या, धुतलेले केस सोडून व्हरांड्यात बसलेल्या. त्यांच्या न्हाणीघरात भिंतीतून नळ निघाले होते, जेवायला लांब टेबलं होती, थंड पाण्याचं यंत्र होतं, खोलीत दोघी दोघी आणि प्रत्येकीला आपापलं कपाट. मी या सगळ्याची खानेसुमारी ठेवलेली होती. एक दिवस त्यातली एक जण बाबांकडं आली आणि विचारू लागली, "अंकल, ये नया वाला रीडिंग हॉल कब खुलेगा?" बाबांनी हात पुसले, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "दिवाली तक हो जाएगा, बेटा. उत्तर की खिडकी के पास बैठना, हवा अच्छी आती है." डबा माझ्या हातात होता. बेटा! मला ते 'पोट्टी' म्हणायचे, फार खुशीत असले तर 'ये पोट्टे'. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. बाबांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण सायकल चालवताना ते छताच्या सळयांचं बोलत होते.

बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी आठ दिवसांची सुटी काढली. खोली पुरी करायची असं ठरलं. पहिल्या दिवशी सकाळी मी पाण्याचे हंडे भरून ठेवले, माती कालवायला फावडं काढलं. तर दारात बैलबंडी येऊन उभी राहिली आणि सोबत कामावरचे दोन गडी. ठेकेदाराच्या विटांचा ट्रक आला नव्हता, वाचनालयाची एक भिंत तेवढ्यासाठी अडली होती, आणि ती झाल्याशिवाय छत टाकता येत नव्हतं. बाबा माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, "चार दिवसांत वापस येतील विटा. काम बंद पडलं तं पाऊस लागते मंग." आई म्हणाली, "पोरीच्या खोलीचं काय?" "होते न ते बी." मी चौकटीत जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. मोठं शौर्य वाटलं मला ते. गडी एकमेकांकडं बघून हसले आणि गुडघ्याएवढ्या भिंतीवरून टांग टाकून आत गेले. मी दारात हात पसरून उभी आणि माझ्या पाठीमागून विटा चालल्या आहेत, असा तो देखावा होता. आता लिहिताना मलाही हसू येतं, पण त्या सकाळी मी त्या इमारतीचं वाटोळं व्हावं असं मनापासून मागितलं.

छताचा दिवस म्हणजे आमच्याकडं लग्नासारखा असतो. नारळ फुटला, पहिलं घमेलं बाबांनी टाकलं, मिक्सरचा घरघराट दुपारपर्यंत थांबला नाही. आईनं आणि मी गड्यांसाठी लाखोरीच्या डाळीचे वडे तळून नेले होते, टोपलीभर, आणि ठेकेदारानं बकरं कापलं होतं. पन्नास-साठ माणसं खाली पंगतीला बसली, पण बाबा वरच. मी त्यांचं ताट घेऊन शिडीनं वर गेले तर ते उकिडवे बसून ओल्या सिमेंटच्या कडेला हात लावून पाहत होते. गोवरात माझ्या कपाळाला असा हात लावला होता का, हे मला आठवेना. मी ताट ठेवलं आणि खाली आले.

छत टाकलं म्हणजे काम झालं असं नसतं. त्याच्यावर दिवसचे दिवस पाणी उभं ठेवावं लागतं, नाहीतर उन्हानं ते तडकतं. त्यासाठी छतावर मातीचे लहान लहान बांध घालून चौकोन पाडतात आणि पाणी भरतात. बाकीचे मिस्त्री त्याला क्यारी म्हणत, बाबा बांधी म्हणत, कारण धानाच्या शेतात आम्ही हेच करतो. आणि बांध घालायचे तर त्यांना साधी माती चालेना. आमच्या शेतातली काळी कन्हार माती, जिच्यातून पाण्याचा थेंब झिरपत नाही, ती त्यांनी बंडीनं आणवली. इंजिनिअर साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब, या मातीनं माझ्या आज्यापासून पाणी धरून ठेवलं हाये." छतावर बारा बांध्या झाल्या, बांध असे सरळ की दोरीनं आखल्यासारखे. जमिनीवरून बघितलं तर काही दिसायचं नाही, पण वर गेलं की आमचंच शेत उचलून कुणी तिथं ठेवलं आहे असं वाटायचं.

तेवढ्यात तेंदूपत्ता लागला. आमच्याकडं तो लागला की कामावर चिटपाखरू राहत नाही. सारे मजूर बायकापोरांसकट सालेकसा, चिचगडच्या जंगलात विडीची पानं तोडायला जातात. छताला पाणी मारायला बाबा एकटे उरले. आणि पाचव्या दिवशी चिचगडहून निरोप आला की आत्याचा नवरा गेला. आई-बाबांना लगेच निघायचं होतं, दोन दिवस तरी मोडणार होते. बाबांनी मला बाहेर बोलावलं. "मी जाऊन राहिलो. पाणी तू पाहाजो. सकाळी अन् दुपारी, दोन येळा. बांध्या भरल्या पाहिजे." मी म्हटलं, "चौकीदाराले सांगा न." "त्याले काय समजते बांधीतलं? तुले समजते." एवढं बोलून ते आईच्या मागं फाटकाकडं चालायला लागले. शेतात पाणी कसं अडवायचं, कसं सोडायचं, एका बांधीतून दुसरीत कसं उतरवायचं, हे मला त्यांनीच लहानपणी चिखलात उभं करून शिकवलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी मी गेले ती पाणी भरायलाच गेले होते, हे खरं आहे. मनात काही नव्हतं. शिडी चढून वर आले, नळाची नळी सोडली आणि पहिल्या बांधीच्या कडेला बसले. आणि मला दिसलं, बांधावर सगळीकडं हिरवे कोंब आलेले होते. बोटाच्या पेराएवढे. मातीत गेल्या हंगामातलं धान सांडलेलं असणार, त्याला पाणी मिळालं, ऊन मिळालं, ते उगवलं. बाबांनी ते पाहिलं नसणार असं होऊच शकत नाही. त्यांनी ते ठेवलं होतं. उलट एका ठिकाणी बांध पुन्हा लिंपताना कोंबांना धक्का लागू नये म्हणून बाजूनं थापी फिरवल्याची खूण होती. माझ्या खोलीच्या विटा तिच्या भिंतीत, माझ्यासाठी काढलेली सुटी तिच्या छतात, माझं 'बेटा' तिच्या पोरींना, आणि आता आमच्या शेताचं धानसुद्धा हिच्याच डोक्यावर! मी नळी बंद केली. कोपऱ्यात फावडं पडलं होतं ते उचललं. पन्हळीच्या बाजूला उतार होता, तिकडची सर्वांत खालची बांधी आधी फोडली, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची, एकामागून एक, बारा. शेतातलं पाणी काढताना काढतात तसं. पाणी पन्हळीतून खाली धो धो पडत होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. फावडं होतं तिथं ठेवलं, घरी आले, पेज प्याले आणि झोपले. त्या दुपारी गेले नाही, दुसऱ्या दिवशीही गेले नाही. परसातल्या चौकटीत पोतं टाकून बसून राहिले. ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते, आणि ते उन्हाचं काम चाललं आहे याची मला पूर्ण जाणीव होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले. चेहरा प्रवासानं काळवंडलेला, तोंडसुद्धा धुतलं नाही. "चाल," म्हणाले, "पाणी पाहू." ते वर चढले, मी मागून. छत पांढरं पडलं होतं, कोंब वाळून गवत झाले होते, आणि नीट पाहिलं की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा दिसत होत्या, पुष्कळ. बाबा वाकले आणि फुटलेल्या बांधांवरून चालत गेले, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, प्रत्येकापाशी थांबत. मी शिडीपाशी उभी होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही मान वळवली नाही. मग नळी सोडली, फावडं घेतलं आणि बांध सांधायला बसले. तेवढ्यात खाली साहेबांची जीप आली.

साहेब नागपूरचे, तरुण, कामाचे कडक. वर येऊन त्यांनी ते कोरडं छत पाहिलं आणि त्यांचा आवाज साऱ्या आवारात गेला. "मिस्त्री! पाणी कुठं गेलं? दोन दिवस कोण होतं इथं?" खाली चौकीदार जमला, ऑफिसचे दोन बाबू आले, हॉस्टेलच्या पोरी व्हरांड्यात उभ्या राहिल्या. बाबा उठून उभे राहिले. हातातली माती झटकली. बाबा म्हणाले, "साहेब, खेकड्यानं बांध फोडला."

धानाच्या शेतात बांध फुटला की हेच बोलतात. खेकडा बांधात बीळ करतो आणि पाणी निघून जातं. मीही शंभरदा ऐकलं होतं, बाबांनी शंभरदा म्हटलं असेल. ते तोंडात बसलेलं वाक्य त्या वेळी तोंडातून निघून गेलं. "खेकडा? दुसऱ्या मजल्याच्या छतावर?" आणि खालून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. चौकीदार तर शिडी धरून हसत होता. बाबांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. पण त्यांनी शब्द फिरवला नाही. "हो साहेब," म्हणाले, "खेकडाच. मी नव्हतो, माझी चुकी हाये." साहेब हसले नाहीत. त्यांनी छतावर पुन्हा पाणी उभं करायला सांगितलं, भेगांवर सिमेंटचा रस ओतून घेतला, आणि त्या आठवड्यात बाबांना लायब्ररीच्या कामावरून काढलं. तिची फरशी, खिडक्या, ज्या फरशीसाठी बाबांनी मनात कोपरा न् कोपरा मांडून ठेवला होता, ते सगळं राजनांदगावच्या एका मिस्त्रीकडं गेलं. बाबांना बाहेरच्या नाल्या आणि सायकल स्टँड मिळालं. त्या दिवसापासून कॅम्पसवर त्यांचं नाव पडलं खेकडा मिस्त्री. शेवटपर्यंत तेच राहिलं. माझ्या लग्नात ऑफिसचा एक बाबू अहेर घेऊन आला तर मांडवात विचारत होता, "वो खेकडा मिस्त्री का घर यही है ना?"

आणि माझी खोली झाली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, ते कसं मिळालं ते मात्र नीट सांगायला हवं. विटा परत आल्या नाहीत, बाबांनी दुसऱ्या आणल्या. पाऊस लागायच्या आत रोज संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी ते ती खोली बांधत होते. भिंत ओळंब्यात, सांधे एकसारखे, खिडकी उत्तरेला. एवढं देखणं काम आमच्या गावात कुणाच्या घराला नव्हतं, पोस्टमास्तर येऊन बघून गेले. पण बाबा बोलत नव्हते. जेवायला बसले की जेवायचे. मला वाटलं होतं ती लायब्ररी आमच्या ताटापासून उठली की तिथली जागा मला मिळेल. मी शाळेचं सांगायची, गणिताच्या मास्तरांची नक्कल करायची. बाबा म्हणायचे "हाव," आणि हात धुवायला उठायचे. आईनं एकदा मुद्दाम विचारलं, "थे हॉल कधी उघडून राहिला म्हणे?" तर म्हणाले, "मले काय मालूम." शेजारचा रेडिओ तेवढा वाजत राहायचा.

त्या खोलीत बसून मी बारावी झाले आणि त्याच कॅम्पसमध्ये कॉलेजला गेले. पहिल्याच दिवशी वाचायच्या दालनात गेले. नजर खरंच आरपार जात होती. छत गळत नव्हतं, माझ्या फावड्यानं त्याचं काहीही वाकडं झालं नव्हतं, आणि याचा मला आनंद झाला की राग आला हे आजही सांगता येणार नाही. तीन वर्षं मी तिथं बसले, उत्तरेच्या खिडकीपाशी, हवा चांगली येते म्हणून. बाबा बाहेर सायकल स्टँडवर काम करताना दिसायचे. ते कधी आत आले नाहीत. फरशी बघायलासुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, "चला न बाबा, पाहून घ्या." ते म्हणाले, "पाय चिखलाचे हायेत."

आई गेल्यावर बाबा शेवटची काही वर्षं माझ्याच खोलीत राहायचे. खाट खिडकीला लावलेली. मी सुटीत माहेरी आले की त्यांच्याजवळ बसायची. एका दुपारी, ते जागे होते आणि डोकं पूर्ण शाबूत होतं, मी ठरवून आले होते तसं एका दमात सांगून टाकलं. "बाबा, लायब्ररीच्या छतावरचे बांध म्या फोडले होते." एवढी वर्षं मी हे वाक्य मनात घोकत होते. बाबा खिडकीबाहेर बघत होते, बघतच राहिले.

"मालूम हाये मले," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुझ्यासमोर तं पाहिलं म्या."

"मंग सायबाले काऊन नाई सांगतलं?"

ते उठून बसायला लागले, मी पाठीमागं उशी लावली. मग हातानं हवेत चौकोन दाखवत म्हणाले, "खालची बांधी आधी फोडली होती तू. पन्हळीकडची. मंग तिच्या वरची. बरोबर उतारानं. दुसऱ्या अंगानं फोडली असती तं सारं पाणी खाली सिमेंटाच्या पोत्यांवर गेलं असतं, पन्नास पोते खराब झाले असते. एक बी पोतं भिजलं नाई. बांध बी कसा, मधात नाई फोडला, बुडाशी. म्या पाहिलं, म्हटलं, पोट्टीले काम येते."

एवढं बोलून त्यांना धाप लागली आणि ते चहा मागू लागले. मी उठले, चुलीपाशी गेले, आधण ठेवलं आणि पदर तोंडात धरून रडले, मग चहा गाळून नेऊन दिला. बापाच्या तोंडून माझ्या कामाची तारीफ मला जन्मात एवढी एकदाच मिळाली, आणि मिळाली ती मी केलेल्या सगळ्यांत वाईट कामाची. असू दे. माझी आहे ती. मी ती कुणाबरोबर वाटून घेणार नाही, त्या इमारतीबरोबर तर नाहीच नाही.